बारा ते चारचा आसरा

मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की जळगाव पुढे की भुसावळ, याची चर्चा एसटी स्टँडपासून शाळेच्या स्टाफरूमपर्यंत चालते. पेपरातला तो आकडा ज्या तापमापकाचा असतो, तो जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर, पांढऱ्या झडपांच्या पेटीत, सावलीला ठेवलेला असतो. माणसाच्या उंचीला हे मोजमाप ठीक आहे. सरडा मात्र जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर जगतो. तापीकाठची काळी, कोरडी, उघडी माती भर दुपारी ६० अंशांच्याही पुढे तापू शकते. बहुतेक सरड्यांचं शरीर पंचेचाळिशीच्या आसपास साथ सोडू लागतं, बेडकांचं त्याच्या बरंच आधी. या हिशेबानं खानदेशात जूनपर्यंत एकही सरडा उरायला नको. आणि मृगाच्या पहिल्या सरीला आमच्या बांधावर सगळे हजर असतात.

मी यावल तालुक्यातल्या शाळेत विज्ञान शिकवते आणि घरची केळी आहे. त्यामुळे हा प्रश्न मला वर्गातही भेटतो आणि मळ्यातही. उत्तर एवढंच, की हे जीव दुपारी बारा ते चार जळगावच्या हवेत राहतच नाहीत. कोणी भेगेत राहतो, कोणी ढोलीत, कोणी विहिरीच्या दगडांमधल्या फटीत, कोणी केळीच्या बेचक्यात. यातल्या प्रत्येक जागेचं स्वतःचं हवामान असतं.

काळ्या मातीच्या भेगांपासून सुरुवात करू. माती सुकून आकसते, फाटते आणि भेग कधीकधी मीटरभर खोल जाते. दिवसाची उष्णता मातीत फार हळू उतरते. वरच्या बोटभर थराला दिवस-रात्रीचा पुरा तडाखा बसतो, पण अर्धा मीटर खाली गेलं की दुपार आणि मध्यरात्र यांत जवळपास फरक उरत नाही. शिवाय तिथे थोडी ओल असते. विंचू, पाली, साप, भेक असे एरवी एकमेकांना टाळणारे जीव उन्हाळाभर याच भेगांच्या आधारानं राहतात. मोठा बेडूक तर जमिनीत गाडून घेऊन पावसापर्यंत हालचालच थांबवतो.

या आडोशांची किंमत किती, हे ब्रेट शेफर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिलिपाईन्सच्या जंगलात मोजलं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात झाडांच्या ढोल्या, फांद्यांवर वाढणारी नेच्यांची झुडपं आणि माती यांतलं तापमान बाहेरच्या हवेशी ताडून पाहिलं होतं. सरासरी फरक एक-दोन अंशांचाच निघाला. पण टोकाच्या उष्णतेला तोंड द्यावं लागण्याचा काळ आडोशात १४ ते ३१ पटींनी कमी होता. मला हा आकडा फार महत्त्वाचा वाटतो, कारण प्राणी सरासरीनं मरत नाहीत. एखादी भयंकर दुपार त्यांना मारते, आणि आडोसा नेमकी तीच दुपार कापून टाकतो.

आता आमच्या केळीकडे येते. जळगावच्या पद्धतीनं दीड-दीड मीटरवर लावलेल्या बागेत हेक्टरी ४,४४४ झाडं बसतात. पानं एकमेकांत गेली की खाली ऊन पोचत नाही. ठिबकनं जमीन ओली असते, पानं सतत पाण्याची वाफ सोडतात आणि त्या वाफेबरोबर उष्णता निघून जाते. ऊन चढलं की केळीचं पान मधल्या शिरेवर दोन्ही बाजूंनी खाली मिटतं आणि अंगावरचं ऊन कमी करून घेतं. पश्चिमेकडून झळा येतात म्हणून बागेच्या कडेला शेवरी किंवा गजराज गवत लावायची आपली जुनी रीत आहे. केळीसाठी केलेली ही सगळी तजवीज न बोलावता आलेल्या पाहुण्यांच्याही कामी येते.

पानाचा देठ खांबाला बिलगतो त्या बेचक्यात बॅटरी मारून पाहिलं तर कधी झाडबेडूक सापडतो. हातपाय पोटाखाली ओढलेले, डोळे मिटलेले, अंगाचा रंग वाळक्या सोपटासारखा फिकट. तो झोपलेला दिसतो, पण त्याच्या आधी त्यानं एक काम उरकलेलं असतं. या भारतीय झाडबेडकाच्या कातडीतून मेणचट स्राव निघतो आणि तो हातापायांनी स्वतःच्या अंगभर पुसून घेतो. त्यामुळे अंगातलं पाणी उडणं मंदावतं. यावर १९९०च्या दशकात संशोधन प्रसिद्ध झालं आहे. आमच्या मळ्यातले जुने सालदार, ज्यांना सगळे आबा म्हणतात, ते मला पानं कापताना हाक मारतात, “ताई, तुमचा बेडूक इथं बसलाय, हे पान राहू देऊ का?” करप्याचं पान असेल तर कापावंच लागतं. निरोगी असेल तर राहू देतो.

या सावलीत बेडकापेक्षा मोठे पाहुणेही येतात. मुक्ताईनगर तालुक्यात डोलारखेडा-वढोदा परिसरात पूर्णाकाठच्या केळीबागांमध्ये वाघ वावरतो, हे आता वन विभागालाही माहीत आहे आणि गावकऱ्यांनाही. लोकांना त्याचं आश्चर्य वाटतं. मला तितकंसं वाटत नाही. आजूबाजूचं पानगळीचं जंगल एप्रिलमध्ये उघडंबोडकं होतं आणि हिरवी, ओली, दाट सावली उरते ती बागेतच. तिथे रानडुकरं येतात, पाणी असतं. रात्री पाण्याची पाळी धरायला जाणाऱ्या माणसाला त्याची भीती वाटते आणि ती खरी आहे. पण तो वाट चुकून आला, असं म्हणणं बरोबर नाही.

ढोलीची गोष्ट सांगायची तर रानपिंगळ्याशिवाय सांगता येत नाही. १८८४ मध्ये जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात त्याचा नमुना मिळवला आणि त्यानंतर ११३ वर्षं तो कोणाला खात्रीनं दिसलाच नाही. तो संपला असंच धरलं गेलं होतं. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना तो शहाद्याजवळ पुन्हा सापडला. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. आमच्या यावल अभयारण्यातही हा पक्षी आहे. घुबडाच्या कुळातला असून तो दिवसाउजेडी फिरतो, आणि त्याची वीण ऑक्टोबरपासून मेपर्यंत चालते. उशिरा निघालेल्या पिलांचं बालपण भर उन्हात जातं.

पिंगळ्याला स्वतः ढोली कोरता येत नाही. सुतार पक्ष्यानं कोरलेली किंवा फांदी मोडून कुजलेल्या जागी आपोआप झालेली ढोलीच त्याला लागते. जिवंत झाडाचं जाड खोड आतून ओलं असतं. ते सावकाश तापतं आणि दुपारची उष्णता आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते. अशी ढोली तयार व्हायला झाड म्हातारं व्हावं लागतं. सातपुड्यात सागाची, सालईची, अंजनाची कितीतरी झाडं त्या वयाला पोचतच नाहीत. मोजणीत जंगल तेवढंच दिसतं, पण त्यात राहायच्या खोल्या नसतात.

याच जागी एक कळकळ बोलून दाखवते. चिमण्यांसाठी पत्र्याची किंवा पातळ प्लायवूडची घरटी भिंतीला टांगायची प्रथा आपल्या शहरांत वाढली आहे. हेतू चांगला आहे. पण पातळ भिंतीची पेटी खऱ्या ढोलीपेक्षा फार जास्त तापते, हे इतर देशांतल्या मोजमापांत दिसून आलं आहे. आमच्याकडे पश्चिमेच्या भिंतीवर अशी पेटी लावणं म्हणजे पिलांना भट्टीत ठेवणं. लावायचीच तर जाड लाकडाची, पूर्वेकडे किंवा छज्ज्याखाली, दिवसभर सावलीत लावा. जुन्या धाब्याच्या घरांच्या मातीच्या जाड भिंतीत चिमणीला खोबणी मिळायची, ती तिच्यासाठी कितीतरी बरी होती.

विहिरींचंही तसंच. दगडी बांधकामाच्या उघड्या विहिरीत थंड, जड हवा तळाशी बसून राहते. पारवे, पिंगळे, कासवं, पाणसाप तिथे उन्हाळा काढतात. यावल-रावेर पट्ट्यात पाण्याची पातळी खोल गेली, बोअर आले, विहिरी कोरड्या पडल्या आणि बुजवल्या गेल्या. धुळ्याकडे पांझरेच्या फड बागायतीचे कच्चे पाट झिरपत, त्या ओलीवर काठाची झाडी टिकायची. पाणी पाइपात गेलं की पाण्याची बचत होते, हे मला मान्य आहे. पण त्या हिशेबात काठाची सावली कोणी धरत नाही.

आडोसा सगळं भागवतो, असंही नाही. बिळात बसलेल्या सरड्याला खायला मिळत नाही. बॅरी सिनेर्वो आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मेक्सिकोतल्या सरड्यांबद्दल लिहिलं, की १९७५ पासून तिथल्या १२ टक्के स्थानिक वस्त्या नाहीशा झाल्या. ऊन वाढल्यानं बिळात बसून राहायचे तास वाढले, भक्ष्य शोधायचे तास घटले आणि विणीच्या हंगामात माद्यांचं पोषण झालं नाही, असं कारण त्यांनी मांडलं. म्हणजे नुसतं बीळ पुरत नाही. बिळाजवळ झुडूप हवं, म्हणजे दहा वाजल्यानंतरही सावलीसावलीनं थोडं हिंडता येतं. बोर, हिवर, निवडुंग, दगडांची रास असलेला जुना बांध सरड्याला हे दोन्ही देतो. जेसीबी तासाभरात तो सपाट करतो आणि बदल्यात केळीची एक ओळ वाढते.

आमच्या घरात यंदा याच बांधावरून वाद झाला. सासऱ्यांना दोन्ही बाजूंचे बांध काढायचे होते. सरड्यांचं कारण सांगून त्यांना पटलं नसतं आणि पटावं अशी अपेक्षाही नाही, कारण कर्ज त्यांच्या नावावर आहे. पश्चिमेच्या बांधावरची झाडी झळा अडवते आणि त्या बाजूच्या ओळींचे घड कमी होरपळतात, हे त्यांनी स्वतः पाहिलेलं आहे. तेवढ्यावर पश्चिमेचा बांध राहिला. पूर्वेचा मार्चमध्ये सपाट झाला.