सामायिक फोल्डरच्या किल्ल्या कोणाकडे?

दहा-बारा संगणकांच्या कार्यालयात सर्व्हर बसविला जातो, त्यावर ‘ऑफिस डेटा’ नावाचे एक फोल्डर तयार होते आणि कामाच्या घाईत ते सर्वांना पूर्णपणे खुले केले जाते. काही महिने सारे सुरळीत चालते. मग एके दिवशी वेतनपत्रक नको त्याच्या पडद्यावर उघडलेले दिसते, किंवा एखाद्या अशिलाचे अख्खे फोल्डर माऊसच्या चुकार ओढीने शेजारच्या फोल्डरात जाऊन पडते आणि दिवसभर शोधूनही सापडत नाही. दोष कर्मचाऱ्याला दिला जातो. वास्तविक सर्व्हरने त्याला जे करू दिले, तेवढेच त्याने केलेले असते.

विंडोज सर्व्हरवरील सामायिक फोल्डरला दोन दरवाजे असतात, हे प्रथम ध्यानात घ्यायला हवे. पहिला ‘शेअर’चा. नेटवर्कवरून येणाऱ्याला तो ओलांडावा लागतो आणि तेथे वाचणे, बदल करणे व पूर्ण नियंत्रण अशा तीनच परवानग्या असतात. दुसरा ‘एनटीएफएस’चा. तो डिस्कवरील प्रत्येक फोल्डरला, किंबहुना प्रत्येक फाइलला असतो आणि त्याच्या परवानग्या अधिक बारकाईने ठरविता येतात. नेटवर्कवरून येणाऱ्याला या दोहोंपैकी जी मर्यादा कडक, ती लागू होते. प्रत्यक्ष सर्व्हरसमोर बसलेल्यासाठी मात्र पहिला दरवाजा अस्तित्वातच नसतो. विंडोज २०००पर्यंत नव्या शेअरवर सर्वांना पूर्ण नियंत्रण आपोआप मिळत असे; सर्व्हर २००३पासून केवळ वाचण्याची परवानगी मिळू लागली. ‘आत सगळे दिले आहे, तरी फाइल सेव्ह का होत नाही?’ या नेहमीच्या तक्रारीचे मूळ बहुधा याच पहिल्या दरवाजात असते. शेअरवर कर्मचाऱ्यांना ‘बदल’ची परवानगी द्यावी आणि खरी वाटणी एनटीएफएसमध्ये करावी, हा सोयीचा मार्ग. दोन्हीकडे बारकावे ठेवले, की वर्षभराने ते ज्याने ठेवले त्यालाही उलगडत नाहीत.

‘पूर्ण नियंत्रण’ या शब्दांचा मोह अनेकांना पडतो. फाइल उघडणे, बदलणे आणि काढून टाकणे एवढे सारे ‘मॉडिफाय’ या परवानगीत येते. पूर्ण नियंत्रणाने त्यात भर पडते ती इतरांच्या परवानग्या बदलण्याची आणि फाइलची मालकी घेण्याची. रोजच्या कामात कोणत्याही कर्मचाऱ्याला याची गरज नसते.

परवानगी व्यक्तीला न देता गटाला द्यावी, या नियमाचे महत्त्व सनदी लेखापालांच्या कार्यालयात चटकन पटते. तेथील प्रशिक्षणार्थींचा कालावधी २०२३च्या नव्या योजनेनुसार दोन वर्षांचा आहे. म्हणजे माणसे सतत येणार आणि जाणार. प्रत्येकाचे नाव वीस फोल्डरांवर लिहिले असेल, तर तो गेल्यावर ते वीस ठिकाणी पुसावे लागते. तसे न करता त्याचे खातेच काढून टाकले, की नावाच्या जागी ‘एस-१-५-२१’ने सुरू होणारा लांबलचक क्रमांक उरतो आणि तो कोणाचा होता, हे सांगायला कोणी नसते. त्याऐवजी ‘लेखापरीक्षण’, ‘करविवरण’, ‘भागीदार’ असे गट करून फोल्डर त्यांच्या हवाली करावेत. नवा मुलगा आला, त्याला गटात घातले, काम झाले. (त्याने एकदा बाहेर पडून पुन्हा लॉग-इन केल्याशिवाय नवी परवानगी लागू होत नाही. या एका गोष्टीपायी कितीतरी फोन खणखणतात.)

एकच माणूस दोन गटांत असेल, तर त्याच्या परवानग्यांची बेरीज होते. त्याच पातळीवर कोठे ‘डिनाय’ म्हणजे मनाई असेल, तर मात्र मनाईच वरचढ ठरते. म्हणून मनाईचा वापर शक्यतो करूच नये. परवानगी न देणे पुरेसे असते. ‘सर्वांना मनाई’ अशी खूण करणारा प्रशासक स्वतःही त्या ‘सर्वां’त मोडतो.

आणखी एक गोंधळ फाइल हलविताना होतो. फाइलची नक्कल केली, की ती नव्या फोल्डरच्या परवानग्या घेते. त्याच डिस्कवर ती उचलून दुसरीकडे ठेवली, तर मात्र जुन्या परवानग्या बरोबर नेऊ शकते. भागीदारांच्या फोल्डरातून सर्वांच्या फोल्डरात आणलेली फाइल कोणालाच उघडत नाही, ती यामुळे.

परवानग्यांनी सारेच साधते, असे नाही. ‘लिहू द्या, पण पुसू देऊ नका’ ही मालकमंडळींची आवडती मागणी एक्सेलपुढे टिकत नाही. एक्सेल सेव्ह करताना तात्पुरती फाइल लिहून जुनीच्या जागी ती बसविते. पुसण्याचा अधिकार नसला, की सेव्ह करणेच अडते. चुकून पुसलेल्या फाइलवर उपाय आहे तो ‘शॅडो कॉपी’ आणि सर्व्हरपासून अलग ठेवलेल्या बॅकअपचा.

खंडणीखोर व्हायरसच्या बाबतीत या वाटणीचे मोल सर्वाधिक आहे. असा प्रोग्राम एखाद्याच्या संगणकावर उघडला, की सर्वसाधारणपणे त्याच माणसाच्या अधिकारांनिशी सर्व्हरवरील फाइली कुलूपबंद करीत सुटतो. त्या कर्मचाऱ्याला दोनच फोल्डरांत लिहिता येत असेल, तर नुकसान सहसा त्या दोहोंपुरते राहते. सर्वांना सर्व खुले असेल, तर एका ई-मेलने अख्खे कार्यालय बंद पडते. हाच विचार भागीदारांनाही लागू आहे. केवळ मान म्हणून त्यांना सर्वत्र लिहिण्याचा अधिकार देण्याचे कारण नाही. बहुतेक ठिकाणी त्यांना वाचायचेच असते.

घडी बसविल्यावर ती तपासण्यासाठी फोल्डरच्या प्रगत सुरक्षा खिडकीत ‘इफेक्टिव्ह ॲक्सेस’ हा भाग आहे. नाव निवडले, की त्या व्यक्तीला प्रत्यक्षात काय करता येईल, ते दिसते. तरीही साध्या कर्मचाऱ्याचे एक चाचणी-खाते ठेवून त्यातून वेतनपत्रक उघडते का, हे दर तिमाहीला पाहावे. प्रशासकाच्या खात्यातून सगळेच उघडते.