हवेतलं गायरान आणि तुटणारा आवाज

मे 2025 मध्ये केंद्राच्या दूरसंचार विभागाने सहा गिगाहर्ट्झचा खालचा पट्टा वाय-फायसाठी परवानामुक्त करण्याचा मसुदा काढला. त्याच्या बातम्या आपण वाचल्या आणि चर्चा सगळी वेगाचीच झाली. सिनेमा किती सेकंदांत उतरेल, घरातलं नेट किती पळेल, एवढंच. घाटंजीत बसून ती बातमी वाचताना मला मात्र मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात रोज कानावर पडणारी एक तक्रार आठवली. तिचा या बातमीशी थेट संबंध आहे. तक्रार चार शब्दांची : ‘आवाज तुटून-तुटून येते जी.’

जूनचा पहिला आठवडा होता. बियाण्यांच्या दुकानांसमोर गर्दी होती आणि त्या गर्दीतूनच एक तरुण शेतकरी बसस्थानकाजवळच्या दुकानात आला. त्याने गळ्यातला नेकबँड काढून काउंटरवर ठेवला. तीन महिन्यांतच बिघडला, बदलून मिळेल का, असं तो विचारत होता. दुरुस्ती करणाऱ्याने स्क्रू-ड्रायव्हरला हातही लावला नाही.

‘फोन कोणत्या खिशात राहते तुह्या?’

‘मांगच्या.’

‘अन् तुटते कुठी?’

‘वावरात. वखर हाकताना. घरी तं बराबर वाजते.’

तो त्याला दुकानामागच्या मोकळ्या जागेत घेऊन गेला. फोन पँटच्या मागच्या खिशात ठेवायला लावून गाणं सुरू केलं आणि त्याला वीस पावलं चालायला सांगितलं. आवाज तुटला. मग फोन शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला आणि तीच वीस पावलं पुन्हा चालायला लावली. आवाज एकदाही तुटला नाही. पोराने नेकबँड पुन्हा गळ्यात अडकवला आणि बियाण्याच्या रांगेत जाऊन उभा राहिला. त्याचे पैसे वाचले. मला वाटतं, ब्लूटूथबद्दलचं निम्मं शास्त्र त्या वीस पावलांत होतं.

अंगातलं पाणी आणि नसलेल्या भिंती

ब्लूटूथची लाट 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपासची असते. तिची लांबी जेमतेम साडेबारा सेंटीमीटर, म्हणजे वीतभरही नाही. ही लाट पाणी असलेल्या वस्तूंमध्ये मोठ्या प्रमाणात शोषली जाते आणि माणसाचं शरीर साधारण साठ टक्के पाणीच आहे. स्नायूंत दोन-तीन सेंटीमीटर आत गेली की तिचा जोर ओसरतो. त्यात ही लाट मुळातच अशक्त. बहुतेक साध्या उपकरणांची ताकद अडीच मिलिवॉटच्या घरातली असते, कारण बॅटरी टिकली पाहिजे. तेव्हा फोन मागच्या खिशात आणि कान डोक्यावर असले, तर मधलं अख्खं धड ही तिच्यासाठी भिंतच झाली.

मग घरात तोच फोन त्याच खिशात ठेवून गाणं नीट कसं वाजतं? घरात खऱ्या भिंती असतात म्हणून. लाट भिंतीवर, छतावर, कपाटावर आपटून परत येते आणि अंगाला वळसा घालून कानापर्यंत पोचते. वावरात परत पाठवायला काहीच नसतं. थोडीफार लाट जमिनीवरून उसळते, बाकी आभाळात निघून जाते. म्हणून ज्या शिवारात कोसभर वाय-फाय नाही, तिथेही आवाज तुटतो. उलट गावात, बाजारात तो तुटतो तो गर्दीमुळे. तक्रार एकच, कारणं मात्र अगदी उलट. ‘रेंजचा प्रॉब्लेम’ म्हणून दोन्ही एकाच पोत्यात भरली, की इलाज चुकतो.

आपल्या तालुक्याच्या हद्दीतही पसरलेल्या टिपेश्वर अभयारण्यातला ‘वॉकर’ वाघ आठवतो? 2019 मध्ये त्याला रेडिओ कॉलर लावली होती. तेलंगणाची सीमा ओलांडून तो पुढे बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत गेला. सुमारे तीन हजार किलोमीटरची त्याची ती भटकंती उपग्रहांमार्फत कळत राहिली. एवढ्या लांबच्या उपग्रहाशी वाघाच्या गळ्यातला पट्टा बोलतो, आणि आपल्या खिशातल्या फोनचं बोलणं दोन हातांवरच्या कानापर्यंत पोचत नाही. कॉलरला या कामासाठी जास्त ताकद दिलेली असते आणि तिच्या वर मोकळं आभाळ असतं. बिनतारी संदेशाला अंतराइतकाच मधला अडथळाही भारी पडतो. हे एकदा कळलं की फोन कुठे ठेवायचा ते वेगळं सांगावं लागत नाही : छातीच्या खिशात, नाहीतर सुटे इअरबड असतील तर ज्या बाजूचा बड मुख्य आहे त्या बाजूला. कोणता बड मुख्य, हे ओळखायची साधी रीत आहे. फोन आधी डाव्या आणि मग उजव्या खिशात ठेवून चालून बघायचं.

79 पट्टे आणि त्यातली दाटी

आता गावातल्या गर्दीकडे वळू. 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा हे हवेतलं गायरान आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर ई-क्लासची जमीन. भारतात जानेवारी 2005 मध्ये कमी ताकदीच्या उपकरणांसाठी तो परवानामुक्त झाला. तिथे कुणाचा सातबारा नाही, कुणी लिलावात पैसे भरलेले नाहीत. वाय-फाय तिथेच चरतं, ब्लूटूथ तिथेच, वायरलेस माउस तिथेच, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच हद्दीत चालतो. मोबाइल कंपन्यांच्या लहरी म्हणजे मोजून-मापून विकत घेतलेली बागायती शेतं. हा तुकडा मात्र सगळ्यांचा, आणि म्हणूनच तिथे दाटी.

ब्लूटूथने या दाटीत तग धरला तो उड्या मारून. गाण्यासाठी वापरलं जाणारं ब्लूटूथ या गायरानाचे 79 अरुंद पट्टे पाडतं आणि सेकंदाला 1600 वेळा एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर उडी मारतं. पुढची उडी कुठे, हे फोन आणि हेडफोन या दोघांनाच ठाऊक असतं. एखाद्या पट्ट्यावर धक्काबुक्की झाली आणि तुकडा हरवला, तर तो पुढच्या पट्ट्यावर पुन्हा पाठवला जातो.

या कल्पनेच्या इतिहासातलं एक नाव मला फार मोलाचं वाटतं : हेडी लामार. 1914 मध्ये व्हिएन्नात जन्मलेली हॉलिवूडची ही नटी. दुसऱ्या महायुद्धात तिने जॉर्ज अँथेल या संगीतकाराबरोबर पाणतीराला बिनतारी आज्ञा देण्याची एक पद्धत शोधली. शत्रूने एक लहर जॅम केली तरी आज्ञा पोचावी, म्हणून संदेश 88 लहरींवर उड्या मारत जाणार होता. आकडा 88, कारण पियानोच्या पट्ट्या तेवढ्याच. दोन्ही टोकांचा ताल जुळवायला आपोआप वाजणाऱ्या पियानोसारखी भोकं पाडलेली कागदी पट्टी वापरायची होती. ऑगस्ट 1942 मध्ये पेटंट मिळालं, पण अमेरिकी नौदलाने तेव्हा ते वापरलं नाही. उड्यांची कल्पना तिच्याआधीही काहींना सुचली होती आणि ब्लूटूथ थेट तिच्या पेटंटमधून आलेलं नाही, हेही नोंदवायला हवं. पण पडद्यावरच्या चेहऱ्यापलीकडे या बाईच्या डोक्यात काय चाललं आहे हे विचारायला तिच्या काळाला सुचलं नाही, याची खंत मला आजही वाटते. हयातीत तिला जाहीर मान मिळाला तो 1997 मध्ये, वयाच्या ऐंशीच्या पुढे.

उड्यांनाही मर्यादा आहेत. वाय-फायचा एक चॅनेल ब्लूटूथचे वीसेक पट्टे एकदम व्यापतो. शेजारच्या तीन घरांतले राउटर 1, 6 आणि 11 या चॅनेलांवर असतील, तर 79 पैकी साठेक पट्टे त्यांच्याच पायाखाली गेले. 2003 पासून ब्लूटूथला गजबजलेले पट्टे ओळखून टाळण्याची अक्कल आली. तरी त्यालाही किमान 20 पट्टे लागतातच.

अशा दाटीतही आवाज सलग येतो तो एका छोट्या टाकीमुळे. आपल्याकडे नळ येतो-जातो, पण छतावरची टाकी भरलेली असली की स्वयंपाकघरातली धार तुटत नाही. हेडफोनमध्येही सेकंदाच्या काही अंशापुरतं गाणं साठवून ठेवलेलं असतं. हरवलेला तुकडा पुन्हा येईपर्यंत ही टाकी पुरते. ती रिकामी झाली, की कानात ती कट-कट सुरू होते. ‘गेमिंग मोड’ चालू केला की आवाज पडद्यावरच्या चित्राबरोबर पोचावा म्हणून ही टाकीच लहान केली जाते. खेळ झाल्यावर तो बंद करायचं राहून जातं आणि दुसऱ्या दिवशी भजन ऐकतानाही आवाज तुटतो. दुकानात येणाऱ्या कित्येक ‘बिघाडां’चं मूळ या एका बटणात असतं.

पैसे खर्च करण्याआधी

पहिली परीक्षा नेटची. गाणं फोनमध्ये उतरवून घ्या, मोबाइल डेटा बंद करा आणि मग वाजवा. आता सलग वाजलं तर ब्लूटूथचा काही दोष नाही, नेट अडखळत होतं. घाटंजीच्या आसपासच्या तांड्यांवर आणि पोडांवर नेटवर्क कसं असतं ते आपण जाणतो. तिथे ही परीक्षा सगळ्यात आधी.

दुसरी परीक्षा अदलाबदलीची. तोच हेडफोन दुसऱ्याच्या फोनला जोडा. तिथे नीट वाजला, तर दुखणं तुमच्या फोनमध्ये आहे. मग जोडणी विसरायला लावून पुन्हा नव्याने जोडा आणि फोनचं सॉफ्टवेअर अद्ययावत करा. हेडफोन घरातल्या लॅपटॉपला किंवा टीव्हीलाही जोडलेला राहिला आहे का, तेही पाहा. एकाच वेळी दोन मालक असले की तो दोघांकडे धावतो. दुसऱ्या फोनवरही तुटत असेल, तर हेडफोन पूर्ण चार्ज करून रीसेट करा. एकच बड गप्प होत असेल, तर बडवर साचलेला कानातला मळ आणि डबीतल्या चार्जिंगच्या टोकांवरची धूळ कोरड्या मऊ कापडाने पुसा. कपाशीच्या गावात ही टोकं लवकर भरतात.

तिसरी गोष्ट विद्यार्थ्यांसाठी. फोनचा हॉटस्पॉट लॅपटॉपला द्यायचा आणि त्याच फोनवर ब्लूटूथने गाणी ऐकायची, ही बारावीच्या आणि स्पर्धा परीक्षेच्या मुलांची रोजची रीत. स्वस्त फोनमध्ये वाय-फाय आणि ब्लूटूथ बहुधा एकाच चिपवर आणि एकाच अँटेनावर आळीपाळीने काम करतात. दोघांनाही 2.4 वर जुंपलं, की गाण्याची पाळी चुकते. फोनमध्ये सोय असेल तर हॉटस्पॉट 5 गिगाहर्ट्झवर टाका. घरच्या राउटरचंही तसंच करा. तो पट्टा 2018 पासून आपल्याकडे ऐसपैस परवानामुक्त आहे आणि बऱ्याच घरांतल्या राउटरमध्ये तो नुसता पडून आहे. लॅपटॉपच्या यूएसबी 3 पोर्टमध्ये पेनड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क चालू असेल तर तिच्यातूनही 2.4 वर गोंगाट पसरतो. इंटेलने 2012 मध्येच तो मोजून दाखवला आहे. वायरलेस रिसीव्हर तिच्या शेजारच्या खाचेत लावू नका.

चौथी गोष्ट कोडेकची, म्हणजे गाणं दाबून लहान करण्याच्या पद्धतीची. एलडॅकसारखी पद्धत सेकंदाला 990 किलोबिटपर्यंत माल पाठवते, साधी एसबीसी साधारण त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. गर्दीच्या रस्त्यावर भरलेला ट्रक अडकतो, सायकल निघून जाते. तेव्हा ब्लूटूथच्या सेटिंगमधला ‘एचडी ऑडिओ’ बंद करून पाहा. आणि ऑनलाइन वर्गात माइक चालू केल्यावर आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा झाला, तर तो बिघाड समजू नका. बोलणं आणि ऐकणं दोन्ही सांभाळायला हेडफोन फोन-कॉलच्या पद्धतीवर गेलेला असतो. लॅपटॉपचाच माइक निवडला की आवाज पूर्ववत होतो.

एवढं करूनही तुटत असेल, तरच बॅटरी किंवा अँटेना खराब झाली म्हणा.

एक कळकळीची विनंतीही इथेच करतो. टिपेश्वरच्या कडेला रात्री जागलीला जाणाऱ्यांनी एक कान मोकळा ठेवावा. रानडुकरांची चाहूल, झुडपातली खसखस आणि शेजारच्या मचाणावरून आलेली हाक यांच्यापुढे कोणत्याही गाण्याला किंमत नाही.

गायरान राखायचं कुणी?

आता पुन्हा त्या बातमीकडे. मसुद्यानुसार 5925 ते 6425 मेगाहर्ट्झ हा 500 मेगाहर्ट्झचा पट्टा घरातल्या कमी ताकदीच्या आणि बाहेरच्या अतिकमी ताकदीच्या वापराला खुला करण्याचा प्रस्ताव होता. 2.4 चं गायरान अवघं साडेत्र्याऐंशी मेगाहर्ट्झचं, म्हणजे हे त्याच्या जवळपास सहापट. नवे राउटर हळूहळू वरच्या रानात गेले, की खालचं रान ब्लूटूथला मोकळं होईल. हे एका दिवसात व्हायचं नाही, कारण जुने राउटर वर्षानुवर्षं चालतात. पण दिशा योग्य आहे. अमेरिकेने 2020 मध्ये या भागातला 1200 मेगाहर्ट्झ खुला केला. आपल्या मोबाइल कंपन्यांचा आग्रह होता की हा पट्टाही लिलावातून आपल्यालाच मिळावा.

माझं मत स्पष्ट आहे. सगळ्या लहरींचा लिलाव झाला, तर सरकारच्या तिजोरीत पैसा येईल. पण ज्या गायरानामुळे चारशे-पाचशे रुपयांचा नेकबँड गावोगाव पोचला, तसं दुसरं गायरान मग उभं राहणार नाही. ई-क्लासच्या जमिनीचं काय होतं ते विदर्भाने पाहिलं आहे. काठाकाठाने अतिक्रमण होतं आणि शेवटी ज्याच्याकडे स्वतःचं शेत नाही त्याच्या शेळ्यांना चरायला जागा उरत नाही. हवेतल्या गायरानात आपली उपकरणं या शेळ्यांसारखी आहेत. स्वस्त, कमी ताकदीची, पण लाखो घरांच्या उपयोगाची. सहा गिगाहर्ट्झचा उरलेला वरचा पट्टाही डोळे झाकून विकला जाऊ नये.

राखण आपल्याकडूनही व्हायला हवी. राउटर 5 वर टाकला, तर शेजाऱ्याच्याही कानातला आवाज सुधारतो. आणि उत्पादकांनी डबीतल्या चिटोऱ्यावर मराठीत चार ओळी छापाव्यात : फोन पुढच्या खिशात ठेवा, गेमिंग मोड बंद करा, एका वेळी एकालाच जोडा, रीसेट असं करा. या चार ओळींनी कितीतरी चांगली उपकरणं कचऱ्यात जाण्यापासून वाचतील.

पेरण्या सुरू झाल्यावर तो तरुण रस्त्यात भेटला. नेकबँड गळ्यातच होता. मी विचारायच्या आधी त्याने शर्टाच्या खिशावर हात ठेवून दाखवला आणि म्हणाला, ‘शिवून घेतला जी, बटण लावून. वाकलं की फोन पडे.’ त्याच्या मायने जुन्या पिशवीचं कापड लावून तो खिसा दुहेरी केला होता.