दिसतो गोंधळ, असतो हिशेब

जावास्क्रिप्ट शिकायला बसलेला जवळजवळ प्रत्येक जण कधी ना कधी पासवर्ड बनवणारं बटण करून बघतो. कृती सोपी आहे. इंग्रजीतली मोठी अक्षरं, छोटी अक्षरं आणि दहा आकडे अशी 62 चिन्हं एका ओळीत मांडायची. जावास्क्रिप्टच्या मॅथ.रँडम या फंक्शनकडून शून्य आणि एकच्या मधला अपूर्णांक मागायचा, त्याला 62 ने गुणायचं, दशांश उडवायचे आणि त्या क्रमांकाचं चिन्ह उचलायचं. असं बारा वेळा केलं की स्क्रीनवर जे उमटतं ते वाचताना जीभ अडखळते. शक्यता किती? 32 वर वीस शून्यं!

या आकड्यावर विसंबू नये. क्रोममधलं व्ही8 इंजिन 2015 च्या अखेरीपासून मॅथ.रँडमसाठी एक्सॉरशिफ्ट128+ ही रीत वापरतं. पोटात 128 बिट असतात. ते सरकवायचे, एकमेकांत मिसळायचे आणि उत्तर बाहेर द्यायचं. ल्यूडोच्या फाशाला हे उत्तम. पण लागोपाठची मोजकी उत्तरं हाती लागली, तर समीकरणं मांडून आतले बिट काढता येतात आणि मग पुढचं सगळं गणितानं कळतं. सुरक्षेच्या कामाला हे वापरू नका, असं माहितीपत्रकांत साफ लिहिलेलं असतं. वाचतो कोण!

नवशिक्यांचंच असं होतं असंही नाही. कॅस्परस्कीच्या पासवर्ड मॅनेजरची चिरफाड लेजर कंपनीच्या सुरक्षा पथकानं जुलै 2021 मध्ये प्रसिद्ध केली. संगणकावरचं ते सॉफ्टवेअर पासवर्डची सुरुवात घड्याळातल्या सेकंदावरून करत होतं. म्हणजे एकाच सेकंदाला, सारख्याच सेटिंगवर, जगात कुणीही बटण दाबलं तरी पासवर्ड तोच. 2010 ते 2021 या काळात सेकंद भरतात साधारण पस्तीस कोटी. कुठे वीस शून्यं आणि कुठे हे! त्यात एखाद्याचं खातं कोणत्या दिवशी उघडलं हे ठाऊक असेल, तर उरतात फक्त 86,400. मग इतकी वर्षं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? पासवर्ड तयार होताना अक्षरं भिरभिरण्याचं ॲनिमेशन सेकंदाहून जास्त चालायचं, त्यामुळे पुन्हा बटण दाबेपर्यंत सेकंद बदललेला असायचा. त्याच उत्पादनाची वेब आवृत्ती मॅथ.रँडमवर चालत होती, हेही तेव्हाच उघड झालं. कंपनीनं त्याआधीच दुरुस्ती केली होती.

ब्राउझरमध्ये योग्य साधन तयारच आहे: क्रिप्टो.गेटरँडमव्हॅल्यूज. याचं बीज, म्हणजे सुरुवातीचा आकडा, ऑपरेटिंग सिस्टिमकडून येतं आणि ती ते हार्डवेअरमधल्या बारीकसारीक अनियमिततेतून गोळा करते. एका हाकेला 65,536 पर्यंत बाइट मिळतात, पासवर्डला डझनभर पुरतात.

इथे आणखी एक खाच आहे आणि चांगले चांगले तिथे अडखळतात. एका बाइटच्या किमती 0 ते 255, म्हणजे 256. 62 ने भागून बाकी घ्यायची, ही सगळ्यांची सवय. पण 62 चोक 248. उरलेले आठ पहिल्या आठ चिन्हांच्या पदरात पडतात. मोठी अक्षरं आधी मांडली असतील, तर ए ते एच यांना पाच संधी आणि बाकी सगळ्यांना चार. एवढ्यानं बारा अक्षरी पासवर्ड लगेच फुटतो असं नाही, पण दुरुस्ती एका ओळीची असताना ती टाळण्यात शहाणपण कसलं? 248 किंवा त्याहून मोठा आकडा आला की फेकून द्यायचा आणि नवा मागायचा. सरासरी बत्तीस बाइटांमागे एक वाया जातो.