विश्लेषण : सायलेन्सरजवळचा बंपर काळा-पिवळा का पडतो? रंगवण्याआधी काय तपासावे?

सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या पांढऱ्या गाड्या मागच्या बाजूने पाहिल्या, तर एखाद्या गाडीच्या बंपरवर सायलेन्सरच्या अगदी वर डाग दिसतोच. कुठे काळपट, कुठे पिवळसर, तर कुठे प्लास्टिकच वाकलेले. मालकाचे लक्ष जाते ते गाडी विकायला काढल्यावर. मग बंपर रंगवला जातो किंवा ऑनलाइन मागवलेली चंदेरी फॉइल आतून चिकटवली जाते. मूळ कारण तसेच राहिले, तर काही महिन्यांत डाग परत येतो.

बंपर इतक्या लवकर का खराब होतो?

आजच्या बहुतेक गाड्यांचे बंपर पॉलिप्रॉपिलिन या प्लास्टिकमध्ये रबरासारखा पदार्थ मिसळून तयार केलेले असतात. धडक बसली तर ते दबून पूर्ववत व्हावेत, हा त्यामागचा हेतू. मात्र पॉलिप्रॉपिलिन साधारण 160 ते 165 अंश सेल्सिअसला वितळते आणि त्याच्या बरेच आधी मऊ पडते. वरचा रंगही नाजूकच. गॅरेजमध्ये बंपर रंगवल्यावर तो भट्टीत सुकवतात तेही साधारण 60 ते 80 अंशांवर.

दुसरीकडे इंजिनातून बाहेर पडणारा वायू सुरुवातीला 600 ते 900 अंशांपर्यंत तापलेला असू शकतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, लांब नळी आणि मफलर पार करेपर्यंत तो बराच थंड होतो. शहरात रमतगमत चालणाऱ्या गाडीत टोकाशी फारशी उष्णता उरत नाही. पण सामानाने भरलेली गाडी एसी लावून घाट चढते, तेव्हा टोकाचे तापमान 200 अंशांच्या पुढे जाऊ शकते. तापलेली नळी शेजारच्या वस्तूला न टेकताही तापवते आणि ही उष्णता तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. म्हणजे नळी 150 ऐवजी 300 अंशांवर गेली, तर बंपरकडे फेकली जाणारी उष्णता दुप्पट होत नाही, जवळपास साडेतीनपट होते. गाडी धावत असताना वारा ती वाहून नेतो. घाट संपल्यावर चहाला गाडी थांबते, तेव्हा नळी तापलेलीच असते आणि वारा मात्र नसतो.

डिझेल गाड्यांत आणखी एक भर आहे. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 निकषांमुळे डिझेल मोटारींत काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ आला. साचलेली काजळी जाळण्यासाठी त्याच्या आतले तापमान अधूनमधून 600 अंशांच्या आसपास नेले जाते. त्या काही मिनिटांत सायलेन्सरमधून नेहमीपेक्षा बरीच गरम हवा येते. वाळलेल्या गवतावर गाडी उभी करू नका, असे मॅन्युअलमध्ये लिहिलेले असते ते उगाच नाही.

डाग काजळीचा की उष्णतेचा?

हे ओळखायला गॅरेज लागत नाही. गाडी पूर्ण थंड झाल्यावर कार शॅम्पूच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने डाग पुसावा. काळे निघाले तर काजळी. पुसूनही पिवळेपणा राहिला, रंगाला फोड आले असतील किंवा तिरप्या उजेडात प्लास्टिक लाटेसारखे दिसत असेल, तर ती उष्णतेची खूण. न रंगवलेले काळे प्लास्टिक सगळीकडे सारखेच पांढुरके पडले असेल, तर दोष सायलेन्सरचा नाही, उन्हाचा आहे. काजळी काढायला थिनर किंवा पेट्रोल मात्र वापरू नये. डागासोबत वरचा पारदर्शक थरही खराब होतो.

काजळी स्वतःच एक निरोप असते. पेट्रोल गाडीत थंड इंजिन सुरू करताना थोडी काजळी येणे स्वाभाविक आहे, रोजचा प्रवास दोन-तीन किलोमीटरचाच असेल तर जरा जास्तच. पण ती एकाएकी वाढली, तर इंधन जास्त जात असण्याची किंवा ऑइल जळत असण्याची शक्यता तपासावी. डीपीएफ असलेल्या डिझेल गाडीच्या नळीत आतून बोट फिरवल्यावर दाट काळे लागले, तर फिल्टर फुटला आहे किंवा आधीच्या मालकाने काढून टाकला आहे, असा संशय घ्यायला जागा आहे. जुनी गाडी घेताना ही तपासणी फुकटात होते.

नळी जागेवर आहे का?

सायलेन्सर गाडीखाली रबरांवर लटकलेला असतो. ही रबरे कालांतराने ताणतात, चिरतात. खड्ड्यांतून आणि स्पीडब्रेकरवर घासून नळी सरकते आणि बंपरच्या कापाला जवळ जवळ टेकते. म्हणून थंड गाडीत नळी हाताने हलवून पाहावी आणि चारही बाजूंनी अंतर सारखे आहे का, ते बघावे. रबर बदलणे हे किरकोळ काम आहे आणि कित्येकदा तेवढ्यानेच प्रश्न सुटतो.

दुसरा गुन्हेगार म्हणजे हौसेने बसवलेली जाड टिप. ती बंपरच्या आतच संपत असेल, तर गरम वायू आत कोंडतो. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे धूर वर वळून बंपरलाच चाटतो. नळीचे तोंड बंपरच्या कडेशी किंवा किंचित बाहेर असलेले बरे. रिव्हर्स घेऊन गाडी भिंतीजवळ लावायची आणि एसीसाठी इंजिन सुरू ठेवून बसायचे, या सवयीनेही गरम हवा भिंतीवर आपटून बंपरवर परतते.

फॉइल, कोटिंग, पट्टी : काय उपयोगाचे?

सिरॅमिक कोटिंगमुळे काजळी पुसायला सोपी जाते, इतकेच. तो थर इतका पातळ असतो की उष्णता अडवण्याची अपेक्षाच चुकीची. पीपीएफ फिल्म हेही प्लास्टिकच. फॉइल चकचकीत असेपर्यंत उष्णता परतवते, पण काजळीने काळी झाली की तो गुण जातो. शिवाय गरम वायू थेट लागत असेल तर तिचा फारसा उपयोग नाही. खरा फरक पडतो तो ॲल्युमिनियम किंवा स्टेनलेस स्टीलच्या हीट शील्डने, तेही बंपर आणि पत्र्यामध्ये हवेची फट ठेवली तर. नळीला गुंडाळायची पट्टी आपल्याकडच्या पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि आतून गंज चढतो.

यात जिवाचा प्रश्न कुठे येतो?

डाग सायलेन्सरच्या तोंडाजवळ नसून भलतीकडेच असेल, तर जोड किंवा मफलर फुटून वायू मध्येच गळत असू शकतो. अनेक गाड्यांत केबिनमधली हवा बाहेर जाण्याची झडप मागच्या बंपरच्या आतच असते. ती किंवा डिकीचे रबर खराब असेल, तर कार्बन मोनॉक्साइड आत शिरण्याची वाट तयार होते. या वायूला ना रंग, ना वास.

अमेरिकेत 2011 ते 2017 या मॉडेल वर्षांच्या फोर्ड एक्स्प्लोररमध्ये धुराचा वास येतो अशा तक्रारी झाल्या आणि 2016 मध्ये तिथल्या वाहन सुरक्षा यंत्रणेने चौकशी सुरू केली. जानेवारी 2023 मध्ये रिकॉलविना ती बंद झाली. पण पोलिसांसाठी जादा उपकरणे बसवलेल्या गाड्यांत नीट न बुजवलेल्या फटींचा आणि मागून झालेल्या अपघातांच्या नुकसानीचा संबंध त्यातून पुढे आला.

त्यामुळे बंपर रंगवायला उतरवला की त्याच वेळी झडप, डिकीचे रबर आणि सायलेन्सरचे जोड पाहून घेण्यास गॅरेजमध्ये सांगावे. शील्डसाठी बॉडीच्या पत्र्याला भोक पाडले असेल तर ते सील करून घ्यावे. गाडीत डोके दुखणे, मळमळ असा त्रास होत असेल आणि उतरल्यावर तो कमी होत असेल, तर रंगकाम थांबवून आधी गळती शोधावी. तोवर त्या गाडीतून प्रवास करू नये.