करंजाचे तेल, कॉस्टिक आणि मुळशीची दमट हवा

घरी केलेला साबण बिघडला, तर त्याचे कारण बहुधा तेल आणि क्षार एकत्र येण्याच्या आधीच घडून गेलेले असते, आणि मुळशीसारख्या अतिपावसाच्या तालुक्यात ते कारण पुष्कळदा ओलावा हेच असते.

मुळा नदीच्या काठाने आणि ओढ्यांच्या कडेने वाढणाऱ्या करंजाच्या बियांत सुमारे तीस टक्के तेल असते. ते कडू व खाण्यास अयोग्य असल्यामुळे साबणाकडे वळवले तरी स्वयंपाकघराचे काही कमी होत नाही; खादी व ग्रामोद्योग आयोगाने अखाद्य तेलांच्या साबणाला प्रोत्साहन दिले, त्यामागील हा विचार आजही तितकाच मोलाचा आहे. तेलाच्या रेणूत ग्लिसरीनला तीन मेदाम्ले जोडलेली असतात, आणि क्षाराने हा जोड तुटून मेदाम्लांचे लवण, म्हणजेच साबण, तयार होतो. या साबणीकरणाचा उलगडा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी १८२३ च्या ग्रंथात सविस्तर मांडला. मात्र बिया ओलसर राहिल्या, तर विकरे आणि बुरशी हाच जोड आधीच तोडू लागतात, तेलात मुक्त मेदाम्ले वाढतात, आणि क्षाराशी गाठ पडताच ती इतक्या झपाट्याने साबण बनतात की मिश्रण ढवळून एकजीव होण्यापूर्वीच त्याच्या गुठळ्या होतात. म्हणून बिया पावसाळ्याआधी कडक उन्हात वाळवाव्यात, आणि घाण्यावरचे तेल निवळू देऊन, कापडातून गाळून, मंद आचेवर त्यातील पाण्याचा अंश उडवावा.

क्षारासाठी पूर्वी लाकडाची राख पाण्यात भिजवून वरचे पाणी घेत. त्यात मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट असते. चुन्याच्या संयोगाने ते तीव्र होते, पण त्याचा साबण मऊच राहतो. भाताच्या तुसाची राख मुळशीत मुबलक मिळत असली, तरी तिच्यात बहुतांश सिलिका असल्याने ती या कामी फारशी उपयोगाची नाही.

वडीसाठी कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, लागतो, आणि येथे ओलावा अधिकच फसवा ठरतो. उघडा राहिलेला कॉस्टिक हवेतील बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड शोषतो, त्यामुळे तराजूवर वजन बरोबर दिसले तरी त्यात खरा क्षार कमी भरतो. प्रत्येक तेलाची क्षाराची गरज ठरलेली असते: एक ग्रॅम खोबरेलाला सुमारे ०.१८३ ग्रॅम, तर करंजाला सुमारे ०.१३३ ग्रॅम. दोन्ही तेले प्रत्येकी ५०० ग्रॅम घेतल्यास १५८ ग्रॅम कॉस्टिक लागतो. त्यातून पाच टक्के वजा करून १५० ग्रॅम घेतला, की थोडे तेल शिल्लक राहते आणि साबण त्वचेला झोंबत नाही. करंजाच्या तेलात ओलेइक आम्ल भरपूर असल्याने एकट्या त्याची वडी मऊ होते. खोबरेलाने तिला कठीणपणा व फेस मिळतो.

हा १५० ग्रॅम कॉस्टिक ३०० ग्रॅम थंड पाण्यात थोडाथोडा सोडावा. पाणी कॉस्टिकवर कधीही ओतू नये, कारण विरघळताना निघणाऱ्या प्रचंड उष्णतेने द्रावण उसळते. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा आवश्यकच आहे, जागा हवेशीर हवी, आणि भांडे स्टीलचे असावे, कारण जर्मनच्या म्हणजे अॅल्युमिनियमच्या पातेल्याला कॉस्टिक खातो व ज्वलनशील हायड्रोजन वायू निघतो. कूपनलिकेच्या जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियममुळे द्रावण गढूळ होते. त्यापेक्षा स्वच्छ छतावरून धरून गाळलेले पावसाचे पाणी उत्तम, आणि ते मुळशीत चार महिने दारातच पडत असते.