जन्मघर : कागलचें कीं बावड्याचें?

कागलास आलेला पाहुणा बहुधा एक वास्तु पाहूं इच्छितो : राजर्षि शाहू छत्रपतींचें जन्मघर. कागल ही घाटगे घराण्याची जहागीर. तेव्हां त्या घराण्यांतील मुलाचा जन्महि येथेंच झाला असावा, असा समज होणें स्वाभाविक आहे. परंतु तें घर येथें नाहीं. कागलाहून उत्तरेस सुमारें वीस किलोमीटरांवर कोल्हापूर लागतें. शहर ओलांडलें म्हणजे कसबा बावडा येतो. तेथील ‘लक्ष्मीविलास’ या वास्तूंत २६ जून १८७४ रोजीं हें मूल जन्मास आलें. आज ती वास्तु स्मारक म्हणून जतन केलेली आहे.

अशा ठिकाणीं पुष्कळजण भिंती, दरवाजे व तसबिरी पाहून परत फिरतात. परंतु तेथें उभें राहून एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. १८७४ सालीं येथें कोणी युवराज जन्मला नव्हता. जन्मला तो कागलचे जहागीरदार जयसिंगराव घाटगे यांचा मुलगा यशवंतराव. कोल्हापूरची गादी तेव्हां त्याच्या वाट्याची नव्हती. मातोश्री राधाबाई मुधोळच्या घोरपडे घराण्यांतील. त्या १८७७ सालीं निवर्तल्या, तेव्हां मूल अवघें तीन वर्षांचें होतें. १७ मार्च १८८४ रोजीं कोल्हापूरच्या राणीसाहेब आनंदीबाई यांनीं त्यास दत्तक घेतलें. यशवंतरावाचा शाहू झाला. नांव पालटलें, घराणेंहि पालटलें. दोनच वर्षांनीं, १८८६ सालीं, जन्मदाते वडीलहि गेले. पुढें राजकोट व धारवाड येथें शिक्षण होऊन २ एप्रिल १८९४ रोजीं राज्याधिकार हातीं आला.

तात्पर्य, हें घर पाहावयाचें तें वैभव मोजण्यासाठीं नव्हे. आईबापांची छाया ज्यास फार थोडा काळ लाभली, अशा एका मुलाचें हें आरंभस्थान आहे.

आणि दर्शन येथेंच संपवूं नये. परततांना शहरांतील दसरा चौकाच्या परिसरांत थोडें थांबावें. खेड्यांतील गरीब मुलास शहरांत शाळा होती, परंतु राहण्यास जागा नव्हती व दोन वेळच्या जेवणाची सोय नव्हती. ही अडचण ओळखून शाहू छत्रपतींनीं कोल्हापुरांत वसतिगृहांस आश्रय दिला. १९०१ सालीं मराठा व जैन विद्यार्थ्यांची, १९०६ सालीं मुसलमान विद्यार्थ्यांची सोय झाली. अस्पृश्य गणल्या गेलेल्या मुलांसाठीं १९०८ सालीं मिस क्लार्क वसतिगृह निघालें. पुढें १९१७ सालीं संस्थानांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत करण्यांत आलें.

मुलांना बरोबर नेणाऱ्या पालकांनीं आधीं बावडा व मग वसतिगृहें, याच क्रमानें जावें. बावड्यास एका मुलाचें भाग्य कळतें. वसतिगृहाच्या दाराशीं, तें भाग्य ज्यांच्या वाट्यास आलें नाहीं त्यांच्यासाठीं त्यानें काय केलें, तें कळतें.