तोडलेल्या फुलांचे श्वसन

दसरा-दिवाळीच्या सुमारास पुणे, सातारा, नाशिक या जिल्ह्यांतील झेंडू मुंबईस दादर स्टेशनालगतच्या फुलबाजारात पहाटे उतरतो. गोणी उघडली असता कित्येकदा आतील फुले हातास गरम लागतात, पाकळ्या काळपट पडलेल्या असतात व आंबूस वास येतो. अशा मालास भाव मिळत नाही व वर्षभराची मेहनत एका रात्रीत वाया जाते. याचे कारण बहुधा फुलांच्या श्वसनक्रियेत सापडते.

फूल तोडले तरी त्यातील पेशी जिवंत असतात. त्यांस लागणारी ऊर्जा त्या साखरेपासून मिळवितात. प्रथम ग्लुकोज साखरेचे दोन तुकडे होतात. यास प्राणवायू लागत नाही. पुढे पेशीतील तंतुकणिकांमध्ये प्राणवायूच्या साहाय्याने त्यांचे पूर्ण विघटन होऊन कर्बवायू व पाणी तयार होते. १८० ग्रॅम ग्लुकोजसाठी १९२ ग्रॅम प्राणवायू खर्ची पडतो व २६४ ग्रॅम कर्बवायू आणि १०८ ग्रॅम पाणी निर्माण होते. मुक्त झालेल्या ऊर्जेपैकी निम्म्याहून कमी भाग ‘एटीपी’ या द्रव्यात साठून पेशीच्या कामी येतो. उरलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते.

झाडावर असताना पाने नवी साखर पुरवीत असतात. तोडणीनंतर ही जमा थांबते, खर्च मात्र चालूच राहतो. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढल्यास श्वसनाचा वेग साधारणतः दुप्पट ते तिप्पट होतो. दाबून भरलेल्या गोणीत उष्णता कोंडते, तिने श्वसन वाढते व त्यामुळे पुन्हा अधिक उष्णता निर्माण होते. हवा न पोचल्यास पेशी साखर आंबवू लागतात. प्राणवायू असता ग्लुकोजच्या एका रेणूपासून सुमारे ३० एटीपी मिळतात. आंबण्याच्या क्रियेत केवळ २ मिळतात व मद्यार्क साचतो.

यावरून पुढील दक्षता घ्यावी :

१. फुले सकाळच्या थंड वेळी, दव ओसरल्यावर तोडावीत.
२. तोडलेली फुले सावलीत पातळ पसरून निववावीत. ओली फुले भरू नयेत.
३. दाबून भरलेल्या गोणीऐवजी हवेशीर करंड्या वा क्रेट वापरावेत.
४. वाहतूक रात्री करावी व थरांमध्ये हवा खेळती ठेवावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी एकाच शेतातील फुले दाबलेल्या गोणीत व हवेशीर करंडीत रात्रभर ठेवून सकाळी शेतकऱ्यांस दोन्हींत हात घालून पाहावयास सांगावे. दोन्हींतील फरक त्यांस तत्काळ पटेल.